शिळा, सावर आणि चामडे

स्वयंपाकघरातल्या वस्तूंचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे फारशी चाल नाही. तलवारींचा इतिहास आहे, तोफांचा आहे. विळीची मात्र कोणी बखर लिहिली नाही. वास्तविक ज्या पात्यापुढे आपण दिवसातून दोनदा बसतो, त्याला धार कशी येते आणि ती का जाते, याचा विचार टोमॅटो चिरण्याऐवजी चिरडला गेला म्हणजेच काय तो मनात येतो. आणि तोही "धारवाला बरेच दिवसांत फिरकला नाही" एवढ्यावर संपतो.

धारेचा सगळा इतिहास सांगण्याची माझी प्रतिज्ञा नाही. त्यातला एकच धागा भगिनींपुढे धरावयाचा आहे. तो असा की, धार काढणे आणि धार बसविणे ही दोन निराळी कामे होत. पहिले काम दगड करतो. दुसरे काम मऊ वस्तू करते; कधी लाकूड, कधी चामडे, तर कधी नुसता हाताचा तळवा. दगडाची आठवण सर्वांना आहे. मऊ वस्तूचे काम मात्र आपण विसरत चाललो आहोत.

दगडावर पाते घासले म्हणजे दोन्ही बाजूंचे लोखंड थोडेथोडे झिजते आणि दोन उतार एका रेषेत येऊन मिळतात. ती रेषा म्हणजे धार. पण झिजता झिजता अगदी टोकाशी लोखंडाचा एक अतिशय बारीक पापुद्रा उभा राहतो. डोळ्यांना तो दिसत नाही. पात्याच्या पाठीकडून धारेच्या बाहेर हलकेच बोट सरकविले तर किंचित अडकल्यासारखे लागते. पुष्कळांना हा पापुद्रा म्हणजेच धार वाटते. पहिल्या दोन भाज्या त्याने झकास चिरल्या जातात, तिसऱ्या भाजीला तो वळतो किंवा मोडतो, आणि "कालच तर धार लावली होती" असे म्हणण्याची पाळी येते. हा पापुद्रा काढून टाकावयाचा, खालची रेषा सरळ करावयाची आणि दगडाचे ओरखडे पुसून तिला झिलई द्यावयाची, हे मऊ वस्तूचे काम. मात्र तेथे पाते उलट्या दिशेने ओढावे लागते, पाठ पुढे आणि धार मागे. नाहीतर चामडेच कापले जाते.

ही गोष्ट आपल्या देशात किती पूर्वीपासून ठाऊक होती, याचा पुरावा पाककलेच्या नव्हे तर शस्त्रक्रियेच्या ग्रंथात आहे. सुश्रुतसंहितेच्या काळाविषयी विद्वानांचे एकमत नाही. परंतु तिचे इ. स. ८७८ मधील ताडपत्रावरचे हस्तलिखित नेपाळात जपलेले आहे आणि मूळ ग्रंथ त्याहून कितीतरी जुना आहे. त्याच्या सूत्रस्थानात वैद्याने जवळ बाळगावयाची एकशे एक यंत्रे आणि वीस शस्त्रे सांगितली आहेत. यंत्रे म्हणजे चिमटे, नळ्या वगैरे. शस्त्रे म्हणजे धारेची हत्यारे. आठव्या अध्यायात या शस्त्रांची निगा कशी राखावी ते आहे, आणि तेथेच आपल्या विषयाचे दोन मानकरी एकापुढे एक येतात. शस्त्रे पाजळण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा हवी. आणि धार बसविण्यासाठी शाल्मलीची फळी हवी.

शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. माघ-फाल्गुनात पाने झडून जिच्या फांद्या लाल फुलांनी भरतात, तीच. तिचे लाकूड हलके, मऊ आणि इतके ठिसूळ की घरबांधणीला त्याचा उपयोग नाही. काड्यापेटीच्या काड्या आणि खोकी करायला ते लागते. मग वैद्याला सागाची, खैराची फळी का सांगितली नाही? माझ्या मते याचे उत्तर मऊपणातच आहे. फळीवर पाते कसे फिरवावे ते ग्रंथकाराने सांगितलेले नाही. त्याच्या शिष्यांना ते रोज डोळ्यांसमोर दिसत असणार. परंतु शिळा आधी आणि मऊ फळी नंतर, हा क्रम पाहिला म्हणजे पुढे न्हाव्याच्या चामड्याने जे केले तेच काम येथे सावरीने केले, असे मानण्यास हरकत दिसत नाही.

याच अध्यायात आणखी एक मौजेची गोष्ट आहे. सर्व शस्त्रांना सारखीच धार हवी असे ग्रंथकार म्हणत नाही. फोडण्याच्या शस्त्राची धार मसुरीच्या कडेइतकी पुरे, खरवडण्याच्या शस्त्राची त्याच्या निम्मी, टोचण्याच्या शस्त्राची केसाएवढी, आणि छेदण्याच्या शस्त्राची अर्ध्या केसाएवढी. मापाला मसूर आणि केस! शस्त्राचे आठ दोष सांगितले आहेत, त्यांत बोथटपणा आहे तसा धारेचा खरबरीतपणाही आहे. मात्र करवतीला त्यातून सूट आहे, कारण हाड कापताना खरबरीत दातांचाच उपयोग होतो. शस्त्र नीट लागले की नाही याची परीक्षा म्हणजे त्याने अंगावरचा केस कापला गेला पाहिजे. लोखंड तापवून पाजण्याचे प्रकारही तीन आहेत : क्षारात, पाण्यात आणि तेलात. या क्रियेला ग्रंथात 'पायना' म्हटले आहे. आपला लोहार आजही पात्याला 'पाणी पाजतो' आणि कोयता 'पाजळून' घेतो. शब्दांचे हे नाते लक्षात येताच मला मोठा आनंद झाला.

पुढच्या अध्यायात तर ग्रंथकार थेट आपल्या स्वयंपाकघरात येतो. नव्या शिष्याने माणसावर हात चालविण्यापूर्वी कापण्याचा सराव कशावर करावा? कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी यांवर! म्हणजे आपल्या प्राचीन शल्यवैद्यांचे पहिले रोगी भाजीच्या टोपलीतले होते. दुध्याची साल न चिरडता पाते आत उतरले तरच हात तयार झाला, ही कसोटी कोणत्याही गृहिणीला समजावून सांगावी लागणार नाही.

येथून पुढे मी बरीच शतके ओलांडून एकदम पुण्यास येते. ग्रंथातली विद्या ग्रंथातच राहिली की कोणाच्या हातात उतरली, हे पाहावयाचे तर पुण्याची एक हकीकत सांगितलीच पाहिजे. १७९२ च्या टिपूवरील मोहिमेत इंग्रजी फौजेबरोबर असलेला एक मराठा गाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. इंग्रजी कागदांत त्याचे नाव कावसजी असे आहे. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून देण्यात आले. सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. मेणाच्या पातळ पत्र्याने नाकाचे माप घेतले, ते कपाळावर ठेवून आखले, आणि तेवढी कातडी सोलून, भुवयांमध्ये तिचा एक देठ जिवंत ठेवून, ती खाली वळवून नाकाच्या जागी बसविली. टॉमस क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे काम पाहिले. जेम्स वेल्स या चित्रकाराने त्या माणसाचे चित्र काढले, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती हकीकत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने अभ्यास केला, १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. युरोपातल्या नव्या नासिकाशल्याचा आरंभ तेथून धरतात.

आता आपल्या विषयापुरते पाहू. हे काम करणारा मनुष्य वैद्य म्हणून मिरवणारा नव्हता. विटा करणाऱ्या जातीचा, म्हणजे कुंभार होता. आणि त्याचे हत्यार म्हणून जुन्या वस्तऱ्याचा उल्लेख येतो. कपाळाची कातडी हाडावरून सोलायची, तिच्यातल्या रक्तवाहिन्या तुटता कामा नयेत, आणि बधिर करण्याचे औषध तर नाहीच. अशा कामाला वस्तरा किती लागलेला असावा लागेल याची कल्पना करावी. तो कुंभार कोणत्या शिळेवर वस्तरा घाशी आणि कशावर तो बसवी, हे त्या दोन साहेबांनी विचारले नाही. पाहणाऱ्यांची नावे राहिली, चित्रकाराचे राहिले, मासिकाचे राहिले. करणाऱ्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

त्याच १७९४ साली मुंबईहून आणखी एक वस्तू लंडनला गेली. हेलेनस स्कॉट या मुंबईतील डॉक्टराने तेथील रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे हिंदुस्थानी पोलादाचे नमुने पाठविले. त्या पोलादाला इंग्रजीत 'वूट्झ' म्हणू लागले. कानडीतल्या 'उक्कु' या शब्दाचाच हा अपभ्रंश असावा. दुसऱ्याच वर्षी त्यावर तेथे निबंध वाचला गेला. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर जेम्स स्टोडार्ट नावाचा शस्त्रक्रियेची हत्यारे व वस्तरे करणारा कसबी कारागीर होता. त्याने या पोलादाची हत्यारे केली आणि ते विलायती पोलादापेक्षा त्याला पसंत पडले. पुढे या स्टोडार्टने मायकेल फॅरडेला जोडीला घेतले. विजेच्या शोधांमुळे जगाला ठाऊक झालेला हाच तो फॅरडे. तो एका लोहाराचा मुलगा होता, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात नसते. आपल्याकडच्या पोलादाचे रहस्य शोधण्याच्या नादाने दोघांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम असे नाना धातू मिसळून पाहिले आणि १८२० व १८२२ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केले. त्या पोलादाचे वस्तरे करून फॅरडेने स्नेह्यांना भेट म्हणून दिले. आजच्या मिश्र पोलादांच्या शास्त्रात या प्रयोगांना मानाचे स्थान आहे.

पाते झाले, आता दगड. धार लावण्याच्या दगडांत आपल्या कुरुंदाचा मान मोठा. हिऱ्याच्या खालोखाल कठीण असलेला हा खनिज दगड दक्षिणेत पूर्वापार मिळतो. त्याची पूड लाखेत कालवून तिचे चाक करीत आणि त्यावर रत्ने व शस्त्रे घासून त्यांना तेज आणीत. १७९८ साली चार्ल्स ग्रेव्हिल या इंग्रज गृहस्थाने या दगडावर निबंध लिहिला. इंग्रजीतील 'कोरंडम' हा शब्द आपल्याच 'कुरुंद', 'कुरुविंद' या घराण्यातला. पुढची गंमत अशी की, १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अचेसन याने माती आणि कोळशाची पूड विजेच्या प्रखर उष्णतेत भाजली, तेव्हा त्याला बारीक चमकदार स्फटिक मिळाले. कार्बन आणि कुरुंद यांच्या संयोगाने ते झाले असावेत असा त्याचा समज झाला, म्हणून त्याने त्याचे नाव 'कार्बोरंडम' ठेवले. तो समज चुकीचा होता; त्यात कुरुंद नव्हताच, वाळूतले सिलिकॉन होते. पण नाव टिकले. आज बोहारणीकडून भांडी घ्यावीत तितक्या सहज बाजारात जो काळा धारेचा दगड मिळतो, त्याच्या नावात आपला कुरुंद असा चुकून बसलेला आहे.

कुरुंदाच्या चाकावर शस्त्रांना झिलई देणाऱ्या कारागिराला आपल्याकडे शिकलगार म्हणतात. 'शिकल' हा शब्द अरबी-फारसीतून आला, अर्थ झिलई. म्हणजे नुसता घासणारा नव्हे, तर चकाकविणारा! लष्करी मराठेशाहीत या लोकांना काम मुबलक असे. राज्य गेले, १८७८ साली इंग्रज सरकारने हत्यारांचा कायदा केला, आणि तलवारी, कट्यारी यांच्या ऐवजी कात्र्या, अडकित्ते, विळ्या यांवर या हातांना पोट भरावे लागले. सायकलच्या पायट्यावर चाक फिरवीत गल्लीतून जाणाऱ्या धारवाल्याची आरोळी अजूनही अधूनमधून ऐकू येते. त्याच्या चाकातून ठिणग्या उडू लागल्या म्हणजे मुले आनंदाने उभी राहतात. आईने मात्र जरा जपावे. पाते फार तापून निळसर झाले तर त्याचे पाणी उतरते आणि मग कितीही घासले तरी धार टिकत नाही. चांगला धारवाला पाते क्षणभर टेकवतो, उचलतो, पाण्यात बुडवतो. घाई करणाऱ्याला विळी देऊ नये.

मऊ वस्तूने धार बसविण्याची विद्या सर्वांत शुद्ध रूपात राखली ती न्हाव्याने. त्याच्या धोकटीत वस्तरा, गुळगुळीत शिळा आणि चामड्याचा पट्टा असे. वस्तरा चामड्यावर इकडून तिकडे फिरविताना तो धारेवरून कधीच उलटत नसे, नेहमी पाठीवरून. शेवटचे चार हात तळव्यावर. माणसागणिक वस्तरा चामड्यावर जाई, आणि ते उगीच नव्हे. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ. मग केसाने पोलाद बोथट का व्हावे? या प्रश्नाचे नीट उत्तर २०२० साली मिळाले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी दाढीचे पाते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून केस कापला जाताना पाहिला. पाते हळूहळू झिजत नाही, तर वाकलेला केस धारेच्या कच्च्या जागी आडवा आला की तिचा बारीकसा टवका उडतो, असे त्यांना दिसले. जेथे धार एकसारखी नाही तेथे टवका आधी उडतो. न्हाव्याची धार एकसारखी राखण्याची धडपड किती योग्य होती, हे यावरून कळते.

न्हाव्याच्या वस्तऱ्याचे नाव निघाल्यावर बायकांच्या मंडळाच्या पानांत एक गोष्ट न सांगता पुढे जाणे मला बरे वाटत नाही. हाच लखलखीत वस्तरा गेल्या पिढ्यांतल्या किती लहान लहान मुलींच्या डोक्यावरून फिरला! नवरा गेला की केशवपन, आणि तेही एकदा नव्हे. केस वाढले की पुन्हा घराच्या मागल्या दारी न्हावी. सुधारकांनी लिहिले, व्याख्याने दिली. परंतु १८९० साली मुंबईत जे घडले ते निराळे होते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळी जमली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे त्यांनी ठरविले. चाल एका दिवसात बंद पडली नाही, हे खरे आहे. पण ज्यांचे पोट त्या धारेवर, त्यांनीच तो वस्तरा मिटला. आजी-पणज्यांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी ज्यांच्या मनात आहेत, त्यांना या ठरावाचे मोल समजेल.

पुढे वस्तऱ्याचेच दिवस फिरले. अमेरिकेत किंग जिलेट याने टाकून देण्याच्या पात्याचा रेझर काढला. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्याचे अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले, आणि दाढीला धार लावावी लागते हेच घरोघरी विसरले गेले. आपल्याकडे न्हाव्याच्या दुकानातला चामड्याचा पट्टा बरीच वर्षे भिंतीवर टिकला. रक्तातून पसरणाऱ्या रोगांची जाण वाढल्यावर अर्धे पाते बसविण्याचा वस्तरा आला आणि पट्टा खुंटीवरून उतरला. आरोग्याच्या दृष्टीने झाले ते चांगलेच झाले. पण त्याबरोबर डोळ्यांसमोर रोज दिसणारी एक विद्याही गेली.

राहता राहिली आपली विळी. मोरळी म्हणा, आदोळी म्हणा, विदर्भात पावशी म्हणतात. लोखंडी पाते काळे पडे, गंजे, वांगे काळे करी. पण दगडाला चटकन ऐकत असे. १९१३ साली शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली याने न गंजणारे पोलाद काढले तेव्हा तेथल्या कारागिरांनी 'न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक' अशी त्याची थट्टा केली होती. त्या पोलादाची जात पुढे पुष्कळ सुधारली. तरी बाजारातल्या स्वस्त स्टीलच्या विळीशी झटापट करताना ती थट्टा मला आठवते. बोथट विळी धारेच्या विळीपेक्षा अधिक धोक्याची, हे येथे सांगून ठेवते. धार नसली की आपण जोर लावतो, आणि जोर लावलेला हात घसरला म्हणजे तो पात्यावरच जातो.

घरी दगड नसला तर चिनी मातीच्या बशीच्या बुडाची खरबरीत कड चालते. आपल्या सासवा तेच करीत. दगडाला आधी पाणी लावावे, आणि पात्याचा जो उतार मुळात आहे तोच दोन्ही अंगांनी राखावा. मग दुसरी पायरी. जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा एका लाकडी ठोकळ्यावर खडबडीत बाजू वर करून चिकटवावा. विळीचे पाते बसके असल्यामुळे येथे ठोकळाच फिरवावयाचा : पाठीकडून धारेकडे, धारेवरून बाहेर, बोटे ठोकळ्याच्या मागे ठेवून. दोन्ही अंगांना आठ-दहा वेळा पुरे. टोमॅटोच्या सालीला किंचित खरबरीत धार बरी लागते, म्हणून टोमॅटोपुरते दगडावरच थांबले तरी चालेल. पालेभाजीला मात्र चामडे हवेच. परीक्षेला अंगावरचा केस नको. कोथिंबिरीची जुडी घ्यावी आणि बारीक चिरून पाहावी. पाते बसलेले असेल तर पाने कोरडी राहतात आणि ताटात हिरवे पाणी उतरत नाही.